कानातले खडे

मी तेव्हा साठीतली पोरगी, अक्कल कुठून असणार! कुशीवर वळलं की खाट गरगरायची. पित्तच समजून आवळ्याचं सरबत ढोसलं आणि महिनाभर भिंतीला टेकून बसल्या-बसल्या झोपले. आता आडवं होणं जन्माचं संपलं, असंच वाटायचं.

शेवटी गंगाखेडला एका डॉक्टरणीकडे गेले. बांगड्या कोपराकडे सरकवून तिनं टरबूज पारखावं तसं माझं डोकं धरलं, मला टेबलावर आडवं करून ते कडेखाली सोडलं, डोळ्यांत बघत थांबली. मग मान दुसरीकडे फिरवून मला कुशीवर वळवलं.

"मारतीस का काय गं!" मी ओरडले.

"कानाच्या आत तोल सांभाळणारे बारीक खडे असतात, ते सरकलेत म्हणून गरगरतंय. जागेवर न्यायलेय."

उठून बसले. मुद्दाम पुन्हा आडवी झाले. छत जागच्या जागी!

ती हसून म्हणाली, "आजी, घरी जाऊन खुशाल झोपा, पण आधी माझी ओढणी सोडा."