धोंड्याचा जावई आणि लोडरच्या पिना

धोंड्याच्या महिन्यात सासरी गेलेला जावई लोडरखाली सापडून मरत नाही, अशी माझी समजूत होती.

समजुतीला आधार होता. हा अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो आणि त्यात जावयाला साक्षात नारायण मानतात. सासू पुरणाचे धोंडे करून वाढते, नवे कपडे देते, ओवाळते. त्या दिवशी जावयाचा शब्द कुणी खाली पडू देत नाही. जावई म्हणाला की दूध काळं आहे, तर सासरा पेला उजेडात धरून म्हणतो, हो, जरा काळपटच दिसते. (उरलेल्या दिवसांत जावयाला घरात कोण विचारतं, हे कृपा करून मला विचारू नका.)

माझं मंगरूळपीरला बसस्टँडजवळ मिक्सर, पंखे आणि कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. तेव्हा धोंडा ऐन उन्हाळ्यात आला होता आणि दुकानात बिघडलेल्या कूलरांमुळे पाय ठेवायला जागा नव्हती. पण माझी बायको वंदना म्हणाली, "तिकडे माय वाट पाहून राह्यली, अन् तुमाले कूलर सुचतात." झालं, शटर ओढलं आणि आम्ही धनजला गेलो.

धनजला माझे सासरे, म्हणजे मामाजी, सासूबाई, म्हणजे मामीजी, आणि साळा गजू. गजूने त्या वर्षी एक जुना लोडर घेतला होता. मोठा नव्हे, छोटा, जागच्या जागी गिरकी घेणारा. त्याला दोन्ही बाजूंनी दोन लोखंडी हात असतात आणि हातांच्या टोकाला समोर बकेट, दोन जाड लोखंडी पिनांनी अडकवलेली. चालवणारा मध्ये पिंजऱ्यात बसतो. पिंजऱ्याला बाजूंनी जाळी, मागूनही जाळी. आत शिरायचं ते समोरून आणि बाहेर यायचं तेही समोरूनच, जिथे बकेट असते तिथूनच. ही रचना नीट ध्यानात ठेवा. मी ठेवली नव्हती.

जेवणं झाली. मला इतका आग्रह झाला होता की मी श्वाससुद्धा हप्त्याहप्त्याने घेत होतो. तेवढ्यात गजूचा लोडर खडखड करत अंगणात आला. पेरणीच्या आधी सगळ्या गावाला एकदमच शेणखत शेतात टाकायचं असतं, त्यामुळे त्या लोडरला उसंत नव्हती.

"पिना झिजल्या याच्या," मी हात पुसत म्हणालो. नाडी न पाहता निदान करणाऱ्या डॉक्टरच्या थाटात.

"हो ना भाऊजी," गजू म्हणाला. "बकेट अशी हालते का वाटते आता पडते का मंग पडते. नव्या पिना अन् त्याइच्या भोवतालचे बुश आनून ठेवले. कारंज्याचा मिस्तरी परवा येतो म्हन्ते."

इथे मी बडीशेप खायला हवी होती. त्याऐवजी मी म्हणालो, "मिस्तरी कायले पाह्यजे? मी हाये ना."

वंदना म्हणाली, "अहो, तुमी मिक्सरवाले..." पण मामीजींनी तिला डोळ्यांनीच दाबलं. "वंदे, जवाई हायेत आज ते," त्या म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे वळून अगदी मायेने, "फक्त कपडे बदलू नका बाप्पा. ऊन उतरलं का ओवाळाचं हाये, शेजारच्या बाया येतात."

कपडे म्हणजे त्यांनीच दिलेला पांढराशुभ्र शर्ट, पांढरीशुभ्र पँट आणि पांढरी टोपी. आणि लोडर होता शेणखताने माखलेला.

गजूने लोडर उभा केला, बकेट जमिनीवर सपाट टेकवली, इंजिन बंद केलं आणि घन घेऊन आला. हे सगळं त्याने बरोबर केलं होतं. पण मी खाली पाहिलं. बकेटीच्या पिना घोट्याजवळ होत्या, आणि घोट्याजवळ शेण होतं. तिथे त्या पँटीत बसणं शक्य नव्हतं.

"अशानं नाही जमत," मी म्हणालो. "लोडरचे हात वर घे. डोक्याइतके. म्हणजे उभ्यानं काम होईल."

"भाऊजी, पिना काढाच्या वक्ती बकेट जमिनीवरच..." गजूने वाक्य अर्धं सोडलं आणि बापाकडे पाहिलं.

मामाजी खाटेवर बसले होते. ते बोलतात कमी. "जवाईबापू म्हन्तात तर घे वर," ते म्हणाले.

गजूने आत बसून इंजिन चालू केलं, लोडरचे हात वर घेतले, इंजिन बंद केलं आणि बाहेर आला. मग कोपऱ्यातून दोन जाडजूड लोखंडी टेकू आणले. "हे लावू काय हाताखाली? मिस्तरी म्हन्ते का याच्याबिगर..."

"अरे, हात पेलणाऱ्या सिलिंडरात तेल भरलेलं आहे. ते कुठं जाते?" मी म्हणालो. (ते कुठं जाते, हे मला लवकरच समजणार होतं. निम्मं जमिनीवर आणि निम्मं माझ्या पँटीवर.)

गजूने पुन्हा बापाकडे पाहिलं. मामाजींनी खाटेखाली एकदा वाकून पाहिलं. "राहू दे," ते म्हणाले. टेकू परत कोपऱ्यात गेले.

आता ऊन असं होतं की अंगणात सावलीचा एकच तुकडा होता, तो लोडरच्या पिंजऱ्यात. मी वाकून बकेटीखालून आत गेलो, सीटवर टॉवेल अंथरला आणि बसलो. "इथून बरोबर दिसते," मी म्हणालो. "तू ठोक, मी सांगतो."

गजू बाजूला एका ड्रमवर चढला आणि डावी पिन ठोकू लागला. पिन गंजलेली होती. मी आतून "जोरात" म्हणत होतो, तो जोरात ठोकत होता, माझ्या बत्तीशीला झिणझिण्या येत होत्या. ऊन कलता कलता एकदाची पिन सुटली. ती सुटली आणि बकेटीचा डावा कोपरा धाडकन खाली आला. अख्खी बकेट आता उजव्या बाजूच्या एका झिजलेल्या पिनेवर तिरपी लोंबकळत होती आणि तिचा कोपरा माझ्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर हलत होता.

मी पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली. माझ्या अंगात एवढी चपळाई आहे हे मला माहीत नव्हतं.

मग आवाज आला. चुर्रर्र. फार बारीक आवाज होता. धक्क्याने कुठलंतरी जुनं सील गेलं होतं, तेल गळायला लागलं होतं आणि लोडरचे दोन्ही हात, बकेटीसकट, सावकाश खाली येत होते.

"भाऊजी," गजू ड्रमवरूनच म्हणाला, "आता काय करू?"

खरी आफत ही होती. माझ्या शब्दाशिवाय कुणी हलणार नव्हतं, आणि काय करायचं असतं याचा मला पत्ता नव्हता. शेवटी मी "थांब" म्हणालो. गजू असा थांबला की घनसुद्धा त्याने हवेतच धरून ठेवला.

मी बाजूची जाळी ढकलून पाहिली. तिच्यातून माझी करंगळी बाहेर गेली. मागची जाळी डोक्याने ढकलली. टोपी पडली. समोरून निसटावं तर त्या कोपऱ्याच्या खालून सरपटायला लागणार, आणि मी अर्धा बाहेर असताना ती पिन सुटली तर माझा कुठला अर्धा वंदनाच्या वाट्याला येईल, या विचाराने मी मांडी आणखी घट्ट आवळली.

वंदना धावत आली. "अहो, बाहेर निंगा."

"कुठून?"

"मंग आतच बसा."

"बसलोच आहे ना."

"मंग ओरडता कायले?"

मी ओरडत होतो हे मला तिनेच सांगितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि त्याने मला जास्त भीती वाटली. एरवी मी पंख्याला हात लावताना शॉक खाल्ला तर ती हसते.

मामाजी खाटेवरून उठले. एवढी मोठी गोष्ट घडली होती. ते लोडरजवळ आले आणि हळूच म्हणाले, "जवाईबापू, टेकू लावाचे काय आता?"

तुम्ही म्हणाल, हो म्हणायचं होतं. पण कुंपणापाशी तोवर शेजारपाजारचे जमले होते, आणि टेकू नको असं मीच सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं होतं. मग तोंडातून काय निघावं? "विचार करून राह्यलो."

"जरा लवकर करा भाऊजी," गजू म्हणाला. "हात अजून थोडे खाली आले का टेकू बसत नाई."

चुर्रर्र.

मी बकेटीकडे पाहत होतो, बकेट माझ्याकडे पाहत होती. अंगणात सगळे माझ्या हुकमाची वाट पाहत होते. मी कुणालाच हुकूम देत नव्हतो, कारण मला एकही येत नव्हता. नारायण असण्यात एवढी जोखीम असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि तेवढ्यात मामीजी ओवाळणीचं ताट घेऊन बाहेर आल्या. आत देवघरात असल्यामुळे त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. मागे शेजारच्या बाया. मामीजींनी वाऱ्याने दिवा विझू नये म्हणून पदर आडवा धरला होता आणि नजर त्या ज्योतीवर होती.

"जवाईबापू, या बरं बाहेर. बाया खोळंबल्या."

"मामीजी, आत्ता नको," मी आतून म्हणालो.

"अवो, लाजता कायले? राहू द्या, तुमी बसा. मीच येते तिथं."

आणि कुणी काही बोलायच्या आत त्या आल्या. झपाझप. ताटात पेटलेला दिवा, खाली सांडलेलं तेल, आणि त्या वाकून थेट बकेटीखाली. लोखंडाचा तो कोपरा त्यांच्या अंबाड्यावर हलत होता. त्या माझ्याकडे बघून हसत होत्या आणि कुंकवाचं बोट पुढे करत होत्या.

इतका वेळ मी माझ्यासाठी घाबरलो होतो. ती भीती काहीच नव्हती.

"मामीजी, मांगं व्हा," मी असा किंचाळलो की कुंपणावरचे कावळे उडाले. "मले काई येत नाई. मी मिक्सरच्या पलीकडं जिंदगीत काई खोललं नाई. गजू, टेकू लाव. मामाजी, मी चुकलो. कोणी तरी मामीजीले मांगं ओढा."

त्यानंतर जे घडलं ते मी डोळ्यांनी पाहूनही मला खरं वाटलं नाही. माझं वाक्य संपायच्या आत वंदनाने मायचा दंड धरून तिला ताटासकट मागे खेचलं. गजूने ड्रमवरून उडी मारून एका बाजूला टेकू घातला. दुसऱ्या बाजूचा टेकू मामाजींनी घातला, त्या वयात, एका दमात. हात कर्रकन टेकूंवर बसले आणि चुर्रर्र थांबलं. मामाजींनी खाटेखालून दोन लाकडी ओंडके काढून बकेटीखाली सरकवले, आणि कुंपणापाशी उभ्या असलेल्या एकाने न सांगता सांडलेल्या तेलावर माती टाकली. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. फक्त मला ठाऊक नव्हतं, आणि हुकूम माझा होता.

मी सरपटत बाहेर आलो. पांढरी पँट आता शेणाच्या आणि तेलाच्या रंगाची झाली होती. वंदनाने मला धरून खाटेवर बसवलं. तिने माझा हात बराच वेळ सोडला नाही. मग सोडला आणि म्हणाली, "कूलर बरे होते तुमचे."

"मामाजी," मी विचारलं, "ते ओंडके खाटेखाली कधी आणले?"

"तुमी मी हाये ना म्हन्ले, तवाच."

"मंग सांगतलं काहून नाई?"

मामाजी ओशाळले. खरंच ओशाळले, जणू चूक त्यांचीच होती. "धोंड्याचे जवाई तुमी," ते म्हणाले. "तुमाले नाई कसं म्हनाव?"

मला एकदम रडू आलं. या माणसाने माझा मान राखायला माझ्या डोक्यावर लोखंड लोंबकळू दिलं होतं, आणि ते पडलं तर अडवायला ओंडकेही तयार ठेवले होते.

मग गजूने बकेट ओंडक्यांवर सरळ बसवली, दुसरी पिन काढली, नवे बुश ठोकले, नव्या पिना ग्रीस लावून सरकवल्या. मिस्तरीचं काम पाहून पाहून त्याला ते येत होतं. सील तेवढं मिस्तरीसाठी ठेवलं. मामीजींनी खाटेवरच मला ओवाळलं, पण त्याआधी पहिलं कुंकू लोडरला लावलं. "यानं धरून ठेवलं म्हनून," त्या म्हणाल्या. मी मान डोलावली. त्या दिवशी त्या घरातला नारायण कोण होता, याबद्दल माझ्याही मनात शंका नव्हती.

सासरी माझा मान आजही आहे. ताट पहिलं मलाच वाढतात, खाटेवर चादर धुतलेलीच असते. फक्त एवढं झालंय की आता मी घामाघूम होऊन आत आलो आणि "आज ऊन लय हाये" असं म्हणालो, तरी मामाजी उठतात, अंगणात जाऊन वर पाहून येतात, आणि म्हणतात, "नाई, एवढं नाई."