बून सियांगच्या रेंगाळणाऱ्या पेशी

पहिल्या भेटीत मला क्वेक बून सियांगचं फक्त नाक दिसलं. बाकीचा माणूस कानटोपी, मफलर आणि एकावर एक चढवलेल्या स्वेटरांच्या आत कुठेतरी राहत असावा. बाहेर सिंगापूर घामानं वितळत होतं, आणि आमच्या प्रयोगशाळेतला एसी असा सुटला होता की वाट चुकून पेंग्विन आला असता तर त्यानंही शाल मागितली असती. त्या नाकानं बर्फासारखा हात पुढे केला आणि विचारलं, "जेवलास?"

"नाही."

"मग चल. पेशी थांबतील, नूडल्सची रांग थांबत नाही."

खाली ठेल्यांवर त्यानं आधी टेबलावर टिश्यूचं पाकीट टाकलं. आमच्याकडे पाकीट पडलं की जागा आपली. मग मंत्री आला तरी ताट हातात धरून उभा राहील. जेवताना त्यानं मला आपलं काम समजावलं.

"झेब्रामाशाच्या अंड्यात पिल्लानं अजून धड आकारही धरलेला नसतो, तेव्हा मूठभर पेशी प्रवासाला निघतात. पुढे त्यांचंच बीज, म्हणजे माशाची अंडी नाहीतर शुक्राणू, व्हायचं असतं. पाय नाहीत, नकाशा नाही. पोचतात कशा?"

"कशा?"

"तू इथे कसा आलास? वासानं! पुढच्या पेशी एक रसायन सोडतात. जिकडे ते दाट, तिकडे ह्या सरकतात."

"आणि वास सगळीकडेच पसरला तर?"

"म्हणून तर वाटेतल्या पेशी जास्तीचा वास गिळून टाकतात. नाहीतर नूडल्ससाठी निघालेला माणूस संडासाच्या दारात उभा राहायचा."

बून सियांगनं माशाचं एक जनुक बंद पाडलं होतं, आणि त्या पिल्लांमधल्या पेशी आपल्या पहिल्या मुक्कामाला फार उशिरा पोचत. म्हणजे वाट दाखवणारा नवा संदेश सापडला, असं त्याचं म्हणणं. ते खरं ठरलं तर मार्चअखेर संपणारा त्याचा करार वाढणार होता, नाहीतर घरी. गडी इतका खुशीत होता की त्यानं एक स्वेटर कमी केला.

तुलनेसाठी, जनुक शाबूत असलेल्या साध्या माशांचं चित्रण रोहानाताई करत. त्या प्रयोगशाळेच्या जुन्या मदतनीस. सूक्ष्मदर्शकासमोर ठाण मांडून त्या मोबाइलवर मालिका बघत. बून सियांग मात्र आपली पिल्लं सूक्ष्मदर्शकाभोवतीच्या पेटीत ठेवी, यंत्र चालू करी आणि जेवायला जाई. सूक्ष्मदर्शक एकच, टपलेले अनेक. म्हणून जागा धरायला पेटीवर टिश्यूचं पाकीट! ते संध्याकाळपर्यंत तिथेच.

आमचे प्रमुख सेल्वदुरै सर संशयी. म्हणाले, "फिल्म नको. माझ्यासमोर चालवून दाखव."

त्या दिवशी सर पेटीसमोर बसून राहिले. पाकीट ठेवायची गरजच नव्हती. आणि बून सियांगच्या पेशी वेळेवर, रांगेत, मुक्कामाला हजर!

"साहेब बघून शिस्त आली वाटतं," रोहानाताई पुटपुटल्या.

बून सियांगच्या नाकाचाही रंग उडाला. सर उठले. "चला, कॉफी घेऊ. मग दुसरी पिल्लं लावू."

सवयीनं बून सियांगनं पेटीवर पाकीट ठेवलं आणि त्याचा हात तिथेच राहिला. गारठलेल्या बोटांना ऊब लागत होती. पेटीत गरम हवा सोडणारा झरोका नेमका पाकिटाखाली होता. वर पाकीट, खोलीत हिमालय. इतके दिवस पिल्लं बिचारी कुडकुडत होती, आणि गारठ्यात माशांची सगळी वाढच मंदावते. जनुकाचा काही संबंध नव्हता.

त्याच्या तोंडाकडे बघून रोहानाताईंनाही उमगलं. सर दारापर्यंत गेले होते.

"अरे, पाकीट खिशात घाल आणि गप्प बस," त्या कुजबुजल्या. "एक दिवस पेशी लवकर आल्या, एवढंच झालंय. मार्च जाऊ दे, मग सांग."

बून सियांगनं पाकीट उचललं, पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं.

"ताई, एवढ्या थंडीत मीसुद्धा उशिराच पोचतो," तो म्हणाला. मग हाक मारली, "सर, जरा इकडे हात लावून बघता?"

सरांनी हात लावला. कॉफी राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यानं पाकीट न ठेवता चित्रण केलं. पेशी वेळेवर आल्या. त्याचा करार मार्चअखेर संपला आणि वाढवला गेला नाही. झरोक्यावर आता फुगीर जाळी बसवली आहे, वर काही टिकू नये म्हणून.