चुलत बहिणीचं उडणं

पॅराग्लायडिंग शिकायचं वेड माझं होतं, तिचं नव्हतं. हे मी आजही आधी सांगते, कारण त्या हिवाळ्यात मला सगळ्यात जास्त डाचलं ते हेच.

मी नागपुरात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. सैन्यातून निवृत्त झालेले एक सर रविवारी सकाळी शहराबाहेरच्या माळावर शिकवतात, असं कळलं आणि मी बाबांच्या मागे लागले. तीन महिन्यांनी ते म्हणाले, "एकटी नाही जायचं. हिला सोबत ने."

ही म्हणजे माझी चुलत बहीण, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. काकांची नरखेडकडे संत्र्याची बाग. बी.एस्सी.साठी ती आमच्याकडे राहायला आली होती.

"मले काय कराचं आहे तिथं?" तिनं विचारलं.

"बसून राहा. पुस्तक घे सोबत."

ती खरंच रसायनशास्त्राचं पुस्तक घेऊन आली आणि दोन रविवार सरांच्या जीपच्या सावलीत वाचत बसली. मी माळावर धडपडत होते. उडायच्या आधी विंग, म्हणजे ते भलंमोठं कापड, गवतावर पसरून, दोऱ्या हातात धरून वाऱ्यात डोक्यावर उभं करायचं असतं. माझं अर्ध्यावर यायचं, एका बाजूला कलायचं आणि मला फरफटत न्यायचं. दोन्ही गुडघे सोलले होते.

तिसऱ्या रविवारी शिकणाऱ्यांपैकी एक मुलगा आला नाही, त्याची विंग मोकळी होती. सर तिला म्हणाले, "आओ बेटा, तुम भी देखो." तिनं पुस्तक मिटलं, ओढणी कमरेला बांधली आणि दुसऱ्याच प्रयत्नात विंग डोक्यावर उभी केली. उभी केली आणि धरून ठेवली.

"ताडपत्रीसारखंच आहे वं ताई," ती मला सांगू लागली. "वारा सुटला का आम्ही संत्र्याच्या ढिगावर ताडपत्री धरतो ना, तसं. ओढाचं नाई, ढील द्याची."

"यही तो मैं समझा रहा हूँ," सर म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले.

पुढच्या महिन्यात रामटेकच्या अलीकडच्या एका बुटक्या टेकडीवर नेलं. मी तीनदा धावले. तिसऱ्यांदा पाय सुटले, काही क्षण मी हवेत होते, मग उतारावरच बसले. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण माझ्यामागून ती धावली. चार पावलं, बस. कापलेल्या धानाच्या बांधांवरून ती तरंगत गेली आणि खाली शेतात दोन्ही पायांवर उतरली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, जरा उशिरा.

घरी जेवताना आई तिलाच विचारत होती, भीती नाही का वाटली. मी ताटातला भात चिवडत बसले. पुढच्या रविवारी तिला न उठवताच मी निघून गेले. मी पोचताच सरांनी विचारलं, "और वो? तबीयत ठीक है ना?" माझी तब्येत त्यांनी कधी विचारली नव्हती.

मग पुण्याकडच्या उंच डोंगरांवरचा पुढचा कोर्स ठरला. सरांना एकच विद्यार्थी पाठवता येणार होता. त्यांनी तिचं नाव सांगितलं. परतताना ती जीपमध्ये माझ्या कानाशी म्हणाली, "ताई, तू जा ना. मी कशाले जाऊ?" तिनं हे मनापासून म्हटलं होतं. मला ते भीक घातल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजच्या मागच्या जिन्यात उभी राहून मी काकांना फोन केला. ती उडते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मी सांगितलं. वर हेही सांगितलं की तिचे तास बुडून राहिले. ते खोटं होतं.

काका दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आले. ओरडले नाहीत. "तुले काई झालं तं तुझ्या मायले काय सांगू मी?" एवढंच म्हणाले.

"बाबा, तुमाले सांगतलं कोणं?"

"सांगतलं कोणीतरी."

मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. गाळून झाला तरी तिथंच उभी राहिले.

तिचं उडणं बंद झालं आणि तिच्या जागी कोर्सला मी गेले. त्या डोंगरावरून उडालेही, पाखरं खाली दिसतात इतक्या उंचीवरून. उतरल्यावर घरी फोन लावला तर तिनंच उचलला. अर्धा तास तिनं मला सोडलं नाही. वर थंडी वाजते का, आवाज येते का, वळताना पोटात कसं होते. तिच्या आवाजात कडवटपणाचा लवलेश नव्हता. मला तिच्या उडण्याचा हेवा होताच. त्या दुपारी तिच्या त्या आवाजाचाही वाटला.

परत आल्यावर मी आणखी चार रविवार गेले आणि सोडून दिलं. घरी परीक्षेचं कारण सांगितलं.

ती मात्र पदवी झाल्यावर काकांनाच टेकडीवर घेऊन गेली, दिवसभर बसवून सगळं दाखवलं आणि पुन्हा सुरू केलं. आता ती दुसऱ्यांना शिकवते. मागच्या वर्षी तिच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी, गच्चीवर दोघीच असताना, मी तिला तो फोन सांगितला.

"काहून?" तिनं विचारलं.

"तू माझ्यापेक्षा चांगली उडत होतीस म्हणून."

ती बराच वेळ वाळत घातलेल्या साड्या काढत राहिली. "बाबा त्या दिवशी घरी जाताना एसटीत रडले होते, मायनं सांगतलं मले," ती म्हणाली आणि खाली निघून गेली. साखरपुड्यात माझ्याशी बोलली नाही, पुढचे पाच महिनेही नाही. दिवाळीत तिचा फोन आला. फराळाचं विचारलं, आईचं विचारलं.

परवा तिनं उडतानाचा व्हिडिओ पाठवला. मी तो शेवटपर्यंत पाहिला. उत्तर लिहायला मला संध्याकाळ झाली.