निखाऱ्याची राणी आणि साळुबाईंचा अबोला

दोन वर्षांपूर्वी दिवाळी सरली आणि आमच्या आळे गावात एक गोष्ट कानोकानी फिरू लागली. सोपानच्या घरात पत्त्यावरची एक राणी पत्ता सोडून निघून गेली आणि थेट त्याच्या आईच्या, साळुबाईंच्या, अंगात शिरली. सांगणाऱ्या तोंडाला पदर लावून सांगत, ऐकणाऱ्या ‘काहीतरीच बाई’ म्हणत आणि पुढच्या घरी जाऊन तेच सांगत. पुरावाही होता. पत्ता खरोखरच पांढरा पडला होता. आणि ज्या साळुबाईंचं तोंड घटकाभर बंद राहावं म्हणून गल्लीनं फक्त नवस बोलायचा बाकी ठेवला होता, त्या साळुबाई बोलेनाशा झाल्या होत्या.

आता राणी कोणती आणि पत्ता कसला, हे कळायला आधी वृषालीकडे जायला हवं. पत्ते तिचे.

वृषाली ही सोपानची बायको, साळुबाईंची सून. माहेर आणे गावचं, पठारावरचं. तिकडं पाणी कमी आणि माणसं चिवट. वय चाळिशीच्या पुढं. किती पुढं, ते तिनं आधारकार्डवाल्यालाही सुखासुखी सांगितलं नसेल. द्राक्षाची बाग, दोन गाई, एक सासू आणि एक नवरा एवढं ती सांभाळते, आणि त्यातली बागच काय ती तिचं ऐकते.

तिची लेक आरोही हिला शाळेत असताना या पत्त्यांचा नाद लागला. हे आपले बदाम-किलवरचे पत्ते नव्हेत. एकेका पत्त्यावर एकेक चित्र: पंखवाले अजगर, शिंगवाले योद्धे, चेटकिणी, चालणारी झाडं. चित्राखाली त्याची ताकद आणि करामत इंग्रजीत छापलेली. पाकिटं बंद येतात. फोडल्याशिवाय आत कोण बसलंय ते कळत नाही. प्रत्येकानं आपापली फौज जमवायची, समोरासमोर बसायचं आणि एकमेकांचे गडी बाद करायचे. आरोही नर्सिंग शिकायला पुण्याला गेली आणि पत्ते घरी टाकून गेली. वृषालीनं ते आवरायला म्हणून हातात घेतले. ते अजून आवरून व्हायचेत.

इंग्रजी नावं जिभेवर बसेनात, म्हणून तिनं सगळ्यांचं बारसं केलं. चार तोंडांचा साप, ज्याची तोंडं एकमेकांनाच चावतात, तो ‘ग्रामपंचायत’. डोंगराएवढा राक्षस, जो तीन डाव झोपतो आणि चौथ्याला उठतो, तो ‘वायरमन’. आणि एक म्हातारी जादूगारीण आहे, ती स्वतः काही करत नाही, नुसती शेजारच्याची ताकद कमी करते. तिचं नाव ‘प्रयागबाई’. खऱ्या प्रयागबाई वृषालीच्या समोरच्याच घरात राहतात. त्यांच्या कानावर हे कुणी घातलं, ते मला विचारू नका.

असले पत्ते खेळायला माणूस लागतो. तो सापडला नारायणगावात. बाजारपेठेत फतेचंदशेठचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. त्यांचा मुलगा कल्पेश ही पाकिटं विकायला ठेवतो आणि रविवारी दुपारी मागच्या खोलीत डाव मांडतो. फतेचंदशेठनी दोन अटी घातल्या होत्या. पैसा लावायचा नाही, आणि ‘मारला’ हा शब्द दुकानात काढायचा नाही. चित्रातला का होईना, जीव तो जीव. त्यामुळं कल्पेशच्या टेबलावर कुणी मरत नाही. बाद झालेला गडी ‘घरी जातो’.

“वायरमन घरी गेला,” वृषाली पत्ता बाजूला ठेवत म्हणायची.

“ताई, तो कामावर आलाच कधी होता?” कल्पेश म्हणायचा.

तिथं येणारी पोरं कॉलेजातली. पहिल्या रविवारी त्यांनी ‘काकू, सावकाश हं’ म्हणून तिला सोपं सोपं खेळू दिलं. तिसऱ्या रविवारी काकूंनी दोघांना घरी पाठवलं, तेव्हा पोरं पत्ते छातीशी धरून बसायला लागली.

घरी मात्र साळुबाई. “लोकांच्या सुना पोथी वाचत्यात,” त्या ओट्यावर बसून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायच्या, “माझी भुतं चाळती.” पण वृषाली पलंगावर पत्ते मांडून सराव करायला लागली, की साळुबाई लसूण सोलायच्या निमित्तानं पायथ्याशी येऊन बसायच्या.

“हिच्या अंगावर कापडं कमी का गं?”

“आई, ती अप्सरा हाये.”

“मग थंडीच्या दिसात वाजत आसंल की तिला. ठेव आत.”

श्रावणात एका पाकिटातून निखाऱ्याची राणी निघाली. हे नावही वृषालीचंच. लालभडक शालू, केसांच्या ज्वाळा, पत्त्याला सोनेरी कड. ती पाहून कल्पेश स्टुलावरून उठून उभा राहिला. त्याच्या दुकानात असा पत्ता कधी निघाला नव्हता. वृषालीनं आपली सगळी फौज मोडली आणि या एका राणीभोवती नव्यानं रचली. डिसेंबरात पुण्याला मोठी स्पर्धा होती. तिचं नाव कल्पेशनं घातलं. तिला बक्षिसाची हाव नव्हती. जिथं तिला कुणी काकू म्हणून ओळखत नाही, अशा टेबलावर एकदा बसायचं होतं, एवढंच. आणि राणीशिवाय बसण्यात अर्थ नव्हता.

साळुबाईंनीही राणी हातात घेऊन उन्हाकडं धरली होती. “ही जरा घरंदाज दिसती,” म्हणाल्या. त्यांच्या तोंडून भुतांच्या जातीला मिळालेली ही पहिली शाबासकी.

त्या वर्षी पाऊस हटेना. दमट हवेनं पत्ते भाजलेल्या पापडासारखे वाकायला लागले. वृषालीची रोज कुरकुर: “पुण्याला जाईस्तोवर काय ऱ्हातंय यांचं.” शेवटी तिनं राणी वर ठेवून सगळी फौज बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घातली आणि डबा कपाटावर ठेवला. मग बागेची छाटणी आली. छाटणी झाली, की पुढं फुटवे काढणं, फवारण्या, बांधणी. आमच्याकडं त्या दिवसांत माणूस स्वतःचा चेहरा आरशात बघत नाही, पत्ते कुठले बघतो. डबा उघडला तो दिवाळी झाल्यावर.

झाकण निघालं तसं नाकाला झोंबलं. पण छाटणीनंतर आळ्यात कुठलंही झाकण काढा, औषधाचाच वास येतो. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. वाटलं ते राणीकडं बघून. शालूचा लाल रंग गेला होता. ज्वाळा गेल्या होत्या. काळ्या रेघांचा नुसता सांगाडा आणि खाली छापलेली अक्षरं तेवढी उरली होती, आणि सोनेरी कड काळवंडली होती. खालचे पत्तेही फिके पडले होते, पण जसजसं खाली जावं तसतसे कमी. वृषाली पत्ता हातात धरून बसून राहिली. आणि नेमक्या तेव्हाच प्रयागबाई विरजण मागायला दारात उभ्या होत्या. गावाला आणखी काय लागतं?

त्याच सुमारास साळुबाई गप्प झाल्या. टोमणा नाही, लसूण नाही, एकादशीच्या भजनाला नाही. दोन घास खायच्या आणि भिंतीकडं तोंड करून पडायच्या. वृषालीनं त्यांना आळेफाट्याच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं ताकदीच्या गोळ्या दिल्या. प्रयागबाईंचं निदान वेगळं होतं. त्या कुठल्याशा देवऋष्याकडं जाऊन आल्या आणि उपाय घेऊन आल्या: डबा शनिवारी वाहत्या पाण्यात सोडायचा, नाहीतर ती बाई म्हातारीला घेऊन जाणार. सोपानचा भुताखेतांवर विश्वास नाही. पण लोक काय म्हणतील यावर त्याची गाढ श्रद्धा आहे.

“सोडूनच येतो एकदाचा,” तो म्हणाला. “आईचं बरं व्हईल, लोकांची तोंडं बी बंद व्हतील.”

रविवारी पुण्याची स्पर्धा होती. वृषालीनं डबा कपाटावरून काढला, पदरानं पुसला आणि नवऱ्यापुढं ठेवला.

“आईंसाठी आसंल तर न्या. पण सोडून आल्यावर बी आई बोलल्या न्हाईत, तर तुमीच नदीत उतरायचं आन् माझा डबा हुडकून आणायचा.”

शनिवारी सकाळी सोपाननं डबा मोटरसायकलच्या कॅरिअरला रबरानं बांधला. प्रयागबाई लिंबू घेऊन अंगणात हजर होत्या. लिंबू त्यांचं स्वतःचं होतं, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते समजा. किक मारणार, तोच साळुबाई उंबऱ्यात आल्या.

“कुठं निघालास?”

दिवाळीपासूनचं हे पहिलं वाक्य. सोपानचा पाय किकवर तसाच राहिला.

“नदीला, आई. तुझ्यासाठीच.”

“मला काय झालंय?”

“बोलत न्हाईस तू.”

“मग आता काय भजी तळती व्हय?”

प्रयागबाईंनी लिंबू पुढं धरलं. “साळू, खरं सांग. तू बोलतीस का ती?”

साळुबाईंनी आधी लिंबाकडं बघितलं, मग डब्याकडं. “म्या केलंय हे,” त्या म्हणाल्या. “सगळं म्याच केलंय.” आणि वृषालीचा हात धरून तिला आत नेलं आणि दार लावून घेतलं.

प्रयागबाईंना एवढं पुरेसं होतं. दुपारपर्यंत राणीनं साळुबाईंच्या तोंडून कबुली दिल्याचं फाट्यापर्यंत पोचलं. दाराआड काय बोलणं झालं ते ऐकायला त्या थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण बातमी गरम होती.

आत बराच वेळ कुजबुज चालली होती. मग वृषालीचं हसू ऐकू आलं, आणि थोड्या वेळानं साळुबाईंचंही. वृषाली बाहेर आली आणि तिनं कॅरिअरचं रबर सोडलं.

“काय झालं?” सोपाननं विचारलं.

“काय न्हाई. गाडी आत घ्या.”

दुसऱ्या दिवशी ती कल्पेशबरोबर पुण्याला गेली. तिथल्या पंचानं पांढरी राणी उजेडात धरली, उलटी केली, खालची अक्षरं वाचली आणि म्हणाला, “नाव वाचता येतंय, करामत वाचता येतेय. चालेल.” समोर बसलेल्या चष्मेवाल्या मुलानं कुतूहलानं विचारलं, “ताई, ही स्पेशल एडिशन आहे का?”

“व्हय,” वृषाली म्हणाली. “आमच्या आळ्यातच निघते.”

दोन डाव ती जिंकली, तिसरा हरली. रात्री घरी आली तर साळुबाई ओट्यावर लसूण घेऊन बसल्या होत्या. “राणी कितव्याला घरी गेली गं?” त्यांनी विचारलं, तेही समोरच्या घरात ऐकू जाईल अशा आवाजात.

आता खरं काय ते. द्राक्षं परदेशी जातात तेव्हा वाटेत सडू नयेत म्हणून पेटीत वरून गंधकाचा कागद घालतात. साळुबाईंचा जन्म पेट्या भरण्यात गेला. सुनेचे पत्ते पावसानं खराब होतायत हे पाहून, ते पुण्यापर्यंत टिकावेत म्हणून, त्यांनी घरात उरलेला एक कागद गुपचूप डब्यात राणीवर पसरला. त्या कागदाच्या वाफेनं फळ टिकतं, आणि वाफ जास्त झाली तर रंग उडतो. दिवाळीत त्यांनी झाकण उघडून पाहिलं, कागद काढून चुलीत घातला आणि लाजेनं गप्प बसल्या.