डोमाला आणायची लांबची वाट

शकुनबाई रोवण्याला आली की बायांची कंबर दुखायची थांबते, असं दिघोरीकडच्या त्या गावात म्हणतात. दुखत असणारच, पण हसण्याच्या नादात कोणाला कळत नाही. चिखलात वाकून धानाची रोपं लावताना तिचं तोंड हातापेक्षा जोरात चालतं. आणि गोष्ट बहुतेक एकच: तिचा बाप डोमा आणि गावातली देशी दारूची भट्टी.

गोष्ट अशी. शकुन तेव्हा आठेक वर्षांची. दिवेलागणीच्या आधी माय तिला भट्टीवर पिटाळायची, बापाला घेऊन ये म्हणायची. पोरीला तर रोजचाच सण. भट्टीवाला हिरालाल तिच्या ओंजळीत मूठभर फुटाणे टाकायचा, बाकड्यावरचे बाप्ये दंडारीच्या खेळातली गाणी म्हणायचे, आणि ती सारी तिला पाठ. मग डोमाचं बोट धरून निघायचं. गल्लीनं घर दोन मिनिटांवर होतं, पण मायची ताकीद असायची की तळ्याच्या पारीवरून, त्या बांधावरून, लांबून आण. त्या पारीवर डोमा विजेच्या खांबाला पोलीसपाटील समजून रामराम घालायचा, बेडकांशी हुज्जत घालायचा, लेकीला शिंगाडे सोलून द्यायचा. घर येईतो गाणी संपलेली आणि गडी निम्मा शुद्धीवर. असा बाप साऱ्यांना मिळो, असं म्हणून शकुनबाई गोष्ट संपवायची. साठीला टेकली तरी सांगताना ती आठ वर्षांचीच व्हायची.

यंदा गावात भट्टीसाठी बायांचं मतदान ठरलं. चिठ्ठीवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे भट्टी चालू, आडवी म्हणजे बंद. गावातल्या निम्म्याहून जास्त बायांनी आडवीवर शिक्का मारला तरच दुकान उठणार. बचत गटाची दीपमाला दारोदार फिरून चपला झिजवत होती, आणि बाया तिला हसून सांगत होत्या की राहू दे व, शकुनबाईच्या बापासारखे पिणारेही असतात. दीपमालानं कपाळाला हात लावला. शेवटी ती शकुनबाईच्याच ओसरीवर येऊन बसली. भांडली नाही. मलाही ती गोष्ट सांगा, म्हणाली. शकुनबाईनं चहा ठेवला आणि रंगवून रंगवून सांगितली. दीपमाला मनापासून हसली. मग तिनं विचारलं,

"मावशी, तुमची माय तवा घरी काय करत होती?"

शकुनबाई चहा गाळायला उठली, आणि तिला लहानपणची एक संध्याकाळ आठवली. तिला ताप आला होता. त्या संध्याकाळी डोमा एकटाच आला, गल्लीनं. शकुन गोधडीत गुरफटून झोपली होती. सकाळी मायचा हात मनगटापासून सुजलेला. विहिरीवर घसरले, माय म्हणाली. पोरीनं ते खरं मानलं आणि पन्नास वर्षं मानत आली. माय रोज पारीवरून का आणायला लावायची, हे तिला आत्ता उमगलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं दीपमालापुढे कप सरकवला. चहा घे, एवढंच म्हणाली.

मतदानाच्या दिवशी शाळेसमोर बायांची लांबच लांब रांग लागली. उभ्या उभ्या पाय दुखायला लागले तशी शकुनबाईच्या मागची रत्नाबाई म्हणाली की बाई, डोमाची गोष्ट तरी सांग. शकुनबाईनं सांगितली. फुटाणे, खांब, बेडूक, काहीच गाळलं नाही. रांग पोट धरून हसली. मग तिनं त्या तापाची संध्याकाळही सांगितली, आणि मायचा सुजलेला हात.

रत्नाबाईला ते पटेना. "अन् बाप लय गोड होता म्हनत होती ना तू?"

"गोडच होता व," शकुनबाई म्हणाली. "पन मले तो पारीवर भेटे. मायले घरात भेटे."

तेवढ्यात तिचा नंबर आला. पदरानं डोळे पुसत ती आत गेली आणि आडव्या बाटलीवर शिक्का मारून आली.