टाइल्सच्या सभागृहात आवाज मोजायला

निपाणीला गाडी बदलली तेव्हा हवेत तंबाखूचा उग्र वास होता. बेळगावच्या बसमध्ये शेजारच्या आजोबांनी माझ्या पिशवीतून डोकावणारा पेन्सिलीएवढा मायक्रोफोन पाहिला.

"डॉक्टर हायसा व्हय?"

"खोलीत स्पीकर कसा वाजतो ते तपासतो."

"त्यात तपासायचं काय? वाजला म्हंजे झालं," म्हणत त्यांनी मंडक्कीचा (चुरमुऱ्यांचा) पुडा पुढे केला.

कडोलीच्या पुढच्या त्या गावाचं नाव सांगत नाही. मला तिथे पुन्हा जेवायला जायचं आहे. बोलावलं होतं मूळच्या शहापूरच्या, आता त्याच गावात राहणाऱ्या सुमनआक्कांनी. त्या घरच्या मागावर साड्या विणतात आणि कविता लिहितात. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज बारीक झालाय. गावच्या साहित्यसभेत त्या दरवर्षी वाचतात आणि कुणाला एक ओळ कळत नाही.

सभागृह पाहिलं आणि कारण समजलं. भिंतींना छतापर्यंत चकचकीत टाइल्स, थेट न्हाणीघर. दोन्ही कोपऱ्यांत कपाटाएवढे स्पीकर कोंबलेले. सभेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, छाती काढून म्हणाले, "पार कडोलीपातुर आवाज जातोय."

जात असेल. पहिल्या रांगेत मात्र एक शब्द धड पोचत नव्हता.

मी लॅपटॉप उघडला. त्यातला प्रोग्राम स्पीकरमधून एकच सूर खर्जापासून शिट्टीपर्यंत चढवत नेतो, मायक्रोफोन तो ऐकतो, आणि खोली त्यात काय गोंधळ घालते त्याचा आलेख पडद्यावर उमटतो. खर्जात नुसते डोंगर उभे राहिले.

"केवढ्याला घेतलासा?" आप्पांनी विचारलं.

"इंटरनेटवर फुकट मिळतो."

"मग त्यात दम न्हाय," आप्पा म्हणाले आणि चहा सांगायला गेले. स्पीकरची पारख ते बहुधा वजनावरून करत असावेत.

स्पीकर कोपऱ्यांतून बाहेर ओढले, घुमणारे सूर प्रोग्राम दाखवेल तसे उतरवले. टाइल्सवरून आपटून येणारा आवाज मात्र कुठलाच प्रोग्राम थांबवू शकत नाही, हे आक्कांना सांगितलं.

"कापडानं थांबंल?"

"जाड असेल तर."

त्यांनी देवळातले जमखाने (जाड सतरंज्या) मागवून भिंतींवर टांगायला लावले. "एवढ्या हौसेनं टाइल्स बसवल्यात," आप्पा कुरकुरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभेत आक्का वाचायला उभ्या राहिल्या. कविता होती साडी विणणाऱ्या बाईची आणि त्या साडीवर स्वतःचं नाव लावून व्यासपीठावर मिरवणाऱ्या नवऱ्याची. शेवटच्या रांगेपर्यंत शब्दन् शब्द पोचला. टाळी पडली नाही. आप्पांचे कान लाल झाले.

"आक्का, असलं कसं लिवलंस गं?"

"दरवर्षी हीच वाचतोय आप्पा. दरवर्षी तुम्हीच शाल घातलीसा."

व्यासपीठावर बसलेले दोन मानकरी उठून गेले. मागून एक बाई म्हणाली, "परत वाच गं आक्का." आक्कांनी परत वाचली.

जेवणाआधीच जमखाने उतरले. आप्पा मला सोडायला आले नाहीत. परतीच्या बसमध्ये वाटत राहिलं, मी त्या घुमण्याला उगाच अडाणीपणा समजत होतो. कित्येकांची त्यात छान सोय होती.

निपाणी यायच्या आत आक्कांचा फोन आला. बाया त्यांच्या मागाच्या खोलीत ऐकायला जमल्या होत्या. "तिथं स्पीकर लागंल का रं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "नको. तुम्ही नुसतं वाचा."