जोडीदाराचं पोतं

हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, सकाळी लिलाव सुरू होण्याआधी पत्र्याच्या शेडमध्ये योगाचा वर्ग भरतो. शिकवणारा जळबा हमाल आहे. वर्ग संपला की तो चटया कोपऱ्यात रचतो, गोणपाटाची खोळ डोक्यावर घेतो आणि कामाला लागतो. येणाऱ्यांत निम्मे हमाल, बाकी आमच्यासारखी निवृत्त माणसं आणि बाजारातले एक-दोन दुकानदार. हळदीच्या दिवसांत सगळ्या चटया पिवळ्या होतात, आणि आमच्या सदऱ्यांच्या पाठीही.

यंदा हळदीची आवक सुरू झाली तेव्हा माऊली नावाचा एक नवा तरुण वर्गात आला. त्याचं मोबाइलचं दुकान आहे. आसनं त्यानं फोनवर बघून शिकलेली. पहिल्याच दिवशी त्यानं उताणं झोपून झकास चक्रासन केलं. अंगाची कमान अशी जमली की आम्ही बघत राहिलो. जळबा म्हणाला, "वर गेलेलं दिसलं. आता उतरा."

माऊली धप्पकन खाली आला.

"म्हंजे अजून येत न्हाई तुमाला," जळबा म्हणाला.

"अहो मास्तर, कमान तर बराबर होती की!"

"कमान बराबर होती. पोतं आपटलं तुमी."

हमाल हसले. माऊलीही हसला, पोरगा खेळकर आहे. अंग झटकत त्यानं विचारलं, "बरं, शीर्षासन कधी शिकवता?"

हसणं तिथंच थांबलं. शेडच्या खांबाला टेकून फारुक बसला होता. तो म्हणाला, "ते इथं शिकवत न्हाईत, भाऊ."

"काहून?"

"मी शिकलो ना. तेवढं बास झालं."

मग जळबा माऊलीजवळ जाऊन बसला आणि फारुककडे हात करून म्हणाला, "हा फारुक. माझा जोडीदार. याची मान माझ्या हातून गेली. हे ऐकून घ्या, मग उद्या यायचं का न्हाई ते ठरवा."

नव्या प्रत्येक माणसाला तो हे आधी सांगतो. सांगताना आवाज चढवत नाही, मान खाली घालत नाही. मी हे पुष्कळदा ऐकलं आहे.

जळबा मूळचा पुसेगावचा. तिथल्या शाळेत मी शिक्षक होतो, चौथीला तो माझ्या वर्गात होता. फारसं न बोलणारा मुलगा. वर्गातलं पाण्याचं मडकं भरून आणायचं काम त्यानं कुणी न सांगता आपल्याकडं घेतलेलं. सातवी झाली आणि चुलत्याबरोबर तो हिंगोलीला आला, तो मोंढ्यातच राहिला. तिथं त्याची फारुकशी जोडी लागली. मोंढ्यात जोडी म्हणजे नुसती मैत्री नव्हे. एकानं पोतं उचलून द्यायचं, दुसऱ्यानं ते वाकून मानेवर-पाठीवर घ्यायचं आणि फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. दमले की आळीपाळी. तेव्हाची पोती आताच्या दुप्पट वजनाची होती. आपल्या मानेवर पोतं कोण ठेवतो, यावर हमालाचं सारं अवलंबून असतं, म्हणून जोडी सहसा मोडत नाही. या दोघांची लग्नं झाली, मुलं झाली, जोडी तीच राहिली.

चाळिशीत जळबाची कंबर धरली. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. पडून राहिलं तर घर कसं चालणार, म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून तो एका मंगल कार्यालयातल्या योगशिबिरात गेला. नांदेडहून आलेले एक वयस्कर गृहस्थ तिथं शिकवत. जळबाची कंबर खरोखर सुटली. त्याला इतकं नवल वाटलं, की नंतर वर्षभर सुट्टीच्या दिवशी रेल्वेनं नांदेडला जाऊन तो त्यांच्याकडं शिकला आणि प्रमाणपत्र घेऊन आला. आता मोंढ्यातल्या भावांना शिकवायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

सुरुवातीला टिंगल झाली. "दिवसभर वाकून राहिलो, आता पहाटे बी वाकू का?" असं हमाल म्हणायचे. फारुक पहिल्या दिवशी आला तो चटईवर घोरत पडला आणि उठून म्हणाला, "हे शवासन बेस्ट हाय. हेच रोज ठेव." पण हळूहळू माणसं जमली. कुणाचे गुडघे मोकळे झाले, कुणाला झोप लागू लागली.

त्या काळात जळबा शिकवायचा ते नांदेडच्या गुरूंसारखं. समोर उभं राहून स्वतः करून दाखवायचं, खणखणीत आवाजात आकडे मोजायचे, ज्याचं उत्तम झालं त्याला पुढं बोलवायचं. शीर्षासनाला त्याचे गुरू सगळ्या आसनांत मोठं मानत. जळबानं त्यावर आपला एक विचार केला. आम्हा मास्तर-दुकानदारांना तो म्हणाला, "तुमच्या माना नाजूक. तुमी हे करायचं न्हाई." आणि हमालांना म्हणाला, "आपली मान पोत्याखाली पक्की झालेली हाय. जी मान क्विंटल पेलते तिला आपलंच अंग काय जड हाय का?" हे सगळ्यांना पटलं. मोंढ्यात कुणालाही पटलं असतं. जुन्या हमालाच्या मानेवर खांद्याजवळ घट्टा असतो, चामड्यासारखा. तो बघितला की ही मान कधी मोडेल असं मनातच येत नाही.

फारुकला शीर्षासन सगळ्यांआधी जमलं. भिंतीचा आधार सोडून तो शेडच्या मधोमध उलटा उभा राहायचा आणि वरून, म्हणजे खालून, येणाऱ्या-जाणाऱ्या अडत्यांना सलाम करायचा. लोक बघायला थांबत. जळबाचा चेहरा तेव्हा फुललेला असे.

एका सकाळी असाच उलटा उभा राहून फारुक खाली आला. उतरताना जरासा झोक गेला, इतकंच. उठला, हसला, मान चोळली. थोड्या वेळानं चहा आला. फारुकनं उजव्या हातात ग्लास घेतला आणि तो सुटला. आम्हाला वाटलं भाजलं असेल. त्यानं दुसरा ग्लास घेतला, तोही पडला. मग तो आपल्या हाताकडे बघत राहिला. परक्याचा हात बघावा तसा.

नांदेडला मोठ्या मशिनीतून तपासणी झाली. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून जळबाला दाखवला. वर्षानुवर्षं ओझं वाहून मानेचे मणके झिजलेले होते, त्यांच्यामधल्या चकत्या चेपून गेलेल्या. त्यातली एक सरकून नसेवर बसली होती. "बाहेरून घट्टा आला म्हणजे आतलं हाड पक्कं झालं, असं नसतं," डॉक्टर म्हणाले. "उलट असतं." शस्त्रक्रिया झाली. फारुक चालू-फिरू लागला, पण उजव्या हातात जोर आला नाही. पोतं उचलणं कायमचं संपलं.

जळबानं वर्ग बंद केला. चटया बांधून माळ्यावर टाकल्या, प्रमाणपत्र भिंतीवरून उतरवलं. त्याची बायको जनकाबाई मला म्हणाली, "गुरुजी, योगाचं नाव काढलं तर उठून जाऊन राहिले." दुसरा जोडीदार त्यानं घेतला नाही. एकट्यानं होणारी झाडलोट, पोती शिवणं असली कामं करू लागला.

रोज संध्याकाळी मात्र तो फारुकच्या घरी जायचा. आत नाही. बाहेरच्या ओट्यावर बसायचा. आत फारुक गळ्याला पट्टा लावून पडलेला. त्याची बायको खतीजाबी चहा आणून द्यायची, पण कप हातात देत नसे. ओट्याच्या कडेला ठेवून काही न बोलता आत जायची. जळबा चहा प्यायचा, कप विसळून तिथंच ठेवायचा आणि अंधार पडायच्या आत निघायचा. मी दोनदा त्याच्या सोबत गेलो. त्या ओट्यावर बसणं फार अवघड होतं.

नांदेडच्या फिजिओथेरपीच्या बाईंनी हाताचे, खांद्याचे व्यायाम सांगितले होते. आता केले तर थोडा हात परत येईल, वेळ गेली तर तेवढाही येणार नाही, असं त्यांनी बजावलं होतं. फारुक करत नव्हता. खतीजाबीनं समजावलं, पोरांनी समजावलं. तो भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. आतून एकदा त्याचा आवाज आम्ही ऐकला, "ज्याला उचलायचंच न्हाई त्यानं हात कशाला हलवायचा?"

त्या दिवशी खतीजाबी बाहेर आली. हातात चहा नव्हता. चौकटीत उभी राहून ती या सगळ्यानंतर पहिल्यांदा जळबाशी बोलली.

"जळबाभाई, माझे अब्बा याच मोंढ्यात पोती वाहत होते. मला बी रिवाज माहीत हाय. फळीवर हमाल अडला, पुढं बी जाता येईना, मागं बी येता येईना, तर त्याच्या मानेवरचं पोतं कोन उतरवतं?"

जळबा उठून उभा राहिला. "जोडीदार."

"दुसरं कोनी हात लावतं?"

"न्हाई, भाभी."

"ज्यानं ठेवलं, त्यानंच उतरवायचं ना?"

"व्हय."

"मंग इथं ओट्यावर बसून काय करून राहिले तुमी?"

मोंढ्यातला हा रिवाज खराच आहे. अडलेल्याचं ओझं भलत्यानं ओढलं तर तोल जाऊन माणूस जायबंदी होतो. ठेवणाऱ्यालाच त्याचा भार कुठं आहे ते ठाऊक असतं. जळबानं चपला काढल्या आणि तो आत गेला. मी बाहेरच थांबलो. मग फारुकचा आवाज आला, "आला का? इतके दिवस काय मुहूर्त पाहून राहिला होता?" आणि नंतर जळबाच्या रडण्याचा आवाज. फारुक म्हणत होता, "अरे गप. पट्टा हाय गळ्याला, मला हसता बी येत न्हाई अन् रडता बी येत न्हाई."

पुढच्या खेपेला जळबा त्याच्यासोबत नांदेडला गेला. फिजिओथेरपीच्या बाईंनी विचारलं, "शीर्षासन यांना कोणी शिकवलं?"

"मीच, म्याडम."

बाई म्हणाल्या, "मग आता मी करते ते नीट बघा." त्यानं बघितलं, विचारलं, पुन्हा बघितलं. स्वतःच्या मनाचं त्यात काही घातलं नाही. बाई सांगतील तेवढंच, सांगतील त्या दिवसापर्यंत. मानेखाली गोणपाटाची मऊ घडी, बोटं उघडणं-मिटणं, खांदा सरकवणं, आणि उठताना आधी कुशीवर, मग हाताचा रेटा, डोकं सगळ्यात शेवटी. उठण्याच्या वेळी जळबाचा तळहात फारुकच्या मानेखाली असायचा.

हात पुरता आला नाही. फारुक आता ग्लास धरू शकतो, अर्धा भरलेला. सदऱ्याची बटणं लावतो. मोंढ्यात एका अडतीवर तो राखणीला बसतो. पोत्यांच्या थप्पीजवळून जाताना अजूनही कधी कधी थांबतो, कोपऱ्याला हात लावतो आणि पुढं जातो.

वर्ग पुन्हा सुरू झाला तो फारुकच्याच हट्टानं. जळबाची अट एकच होती, फारुकनं समोर बसायचं. शिकवण्याची त्याची रीत तेव्हापासून पार बदलली. आता तो आकडे मोजत नाही, कुणाला पुढं बोलवत नाही, करून दाखवतो तेही थोडंच. नव्या माणसाला आधी तू काय काम करतोस ते विचारतो, कुठं झिजला आहेस ते विचारतो, आणि आसनात जाण्याच्या आधी त्यातून परत यायला शिकवतो. एकदा मी त्याला म्हणालो, "लोक कंटाळून जातात रे यानं." तो म्हणाला, "जाऊ द्या गुरुजी. चढताना समदे बघतात. मानूस मोडतो उतरताना."

त्या सकाळी माऊलीनं हे सगळं मांडी घालून ऐकलं. हातातला फोन त्यानं बाजूला ठेवला होता. शेवटी फारुककडे वळून त्यानं विचारलं, "चाचा, तुमाला राग न्हाई आला यांचा?"

"आला ना," फारुक म्हणाला. "अजून बी येतो, थंडीत हात दुखला की. मंग याला बोलवतो अन् हात चोळायला लावतो."

जळबा हसला नाही. त्यानं सगळ्यांना शवासनात झोपायला सांगितलं. माऊलीही झोपला. बाहेर हळदीच्या गाड्या येऊ लागल्या होत्या. मग नेहमीप्रमाणे एकेक जण कुशीवर वळून, हाताचा रेटा देऊन उठून बसला. माऊली अवकाशानं उठला, डोकं सगळ्यात शेवटी.

फारुक तेवढा पडून होता. जळबा त्याच्याजवळ गेला, गुडघ्यावर बसला आणि मानेखाली हात घातला. माऊली चटई गुंडाळायला लागला होता. शेजारच्या हमालानं त्याच्या मनगटावर हात ठेवून त्याला थांबवलं. फारुक उठून बसेपर्यंत या वर्गात कुणी चटईला हात लावत नाही.